बाराशे फूट आवाज

१

हुपरीचे चन्नवीर कारागीर ज्या मंगळवारी गायब झाले, त्याच्या तेवीस वर्षं आधीच ते वारले होते. त्यामुळे तक्रार द्यायची कशी, हा पहिला प्रश्न होता.

गायब झाला होता तो त्यांचा आवाज. १९६३ साली करवीर बोली मंडळाच्या संस्थापकांनी हुपरीला जाऊन तो टेपवर धरून आणला होता. सात इंची रीळ, त्यावर गुंडाळलेली चहाच्या रंगाची बाराशे फूट टेप. संस्थापक आता भिंतीवर हार घालून होते आणि टेप कपाटात होती. निदान गेल्या शुक्रवारी संध्याकाळी तरी होती, कारण मंडळात संशोधन करणाऱ्या प्रियदर्शनीनं स्वतः ती खोक्यात ठेवली होती. मग ती तीन दिवस गावाला गेली. आज येऊन खोका उघडला, तर आत रीळ होतं. नुसतं रीळ. प्लास्टिकची चकती, मधोमध भोक, आणि टेप इंचभरही नाही.

साल दोन हजार, महिना जानेवारी. पंचवीस दिवसांपूर्वी जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते. ते पडले नाहीत. मंडळाकडे कॉम्प्युटर नव्हताच, तरी नुकसान मात्र मंडळाचं झालं.

"शुक्रवारी पुण्याहून परीक्षक येणार," प्रियदर्शनी खुर्चीत बसत म्हणाली. "त्यांना टेप ऐकवायची आहे. टेप नाही तर माझा प्रबंध नाही. चार वर्षं गेली, सर."

"माझ्या गुडघ्याचा एक्सरेही गेलाय," मंडळाचे प्रमुख राजशेखर सर म्हणाले. "त्याच कपाटात होता. त्याचं कुणालाच काही वाटत नाही."

खरंच कुणाला काही वाटलं नाही.

२

प्रबंध काय होता, ते सांगायला हवं.

हुपरीत चांदीचे पैंजण घडवणाऱ्यांची एक गल्ली होती. त्या गल्लीत 'ब' आणि 'म' म्हणताना माणसांचे ओठ मिटत नसत. 'बाबा' म्हणायचं तर 'वावा' व्हायचं, 'मामा'चंही 'वावा'च व्हायचं, आणि लग्नकार्यात हाक मारली की दोघं एकदम यायचे. शेजारच्या गल्लीत असं काही नव्हतं. राजशेखर सरांनी वीस वर्षांपूर्वी पुस्तक लिहून जाहीर केलं होतं, की हा कन्नड शेजाराचा परिणाम.

प्रियदर्शनीचं म्हणणं वेगळं होतं. जुने कारागीर पितळी फुंकणी दातांत धरून दिव्याच्या ज्योतीवर फुंकायचे आणि पैंजणाचे सांधे जुळवायचे. दिवसाचे बारा बारा तास. बोलायचं तेही फुंकणीच्या कडेनंच. मग ओठ मिटणार कसे? पोरं बापाचं ऐकून बोलायला शिकली. पुढं गॅस आला, फुंकण्या माळ्यावर गेल्या, आणि तोंडं तशीच राहिली. माणूस बोलणं आईबापाकडून घेतो. त्या वेळी आईबापांच्या तोंडात नेमकं काय होतं, हे कुणी बघत नाही. अशानंच शेकडो वर्षांत एका बोलीच्या दहा होतात, आणि मग विद्वान मंडळी नद्या, डोंगर आणि शेजारी यांना दोष देतात.

पुरावा एकच होता. संस्थापकांच्या टिपणात लिहिलं होतं, 'टेपच्या उत्तरार्धात चन्नवीर फुंकणी काढून बोलतात. फरक ऐकावा.' पण तो फरक ऐकण्याआधीच मंडळाच्या जुन्या यंत्राचा पट्टा तुटला. नवा पट्टा मुंबईहून आला सोमवारी. टेप तोवर गेली होती.

मंडळ राजारामपुरीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. गिरणीच्या घरघरीमुळे तिथं सगळे ओरडून बोलत. कोल्हापुरात असल्यानं ते कधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

"पोलीस नकोत," सर ओरडले. "मंडळाची अब्रू जाईल. पण कुणीतरी चौकशी करायला हवी."

प्रियदर्शनीला एकच माणूस सुचला. तिच्या मामांनी, हंबीररावांनी, आयुष्यात एकतीस वर्षं चौकशीच केली होती. एस.टी. स्टँडवर, खिडकीत बसून.

३

हंबीररावांची ख्याती अशी, की माणसानं खिडकीत तोंड घालून नुसतं "ओ सायेब" म्हटलं, की ते "मुरगूड, फलाट तीन, साडेअकरा" असं उत्तर देत. माणूस मुरगूडचाच असे. बोलण्याच्या हेलावरून त्यांना गाव कळायचं, आणि आणखी दोन वाक्यं मिळाली तर वाडीसुद्धा.

ते आले, खोका बघितला, रीळ बोटात घालून फिरवलं आणि म्हणाले, "एकेकाला बोलवा. च्या सांगा."

पहिला आला राजवर्धन. तोही मंडळातच संशोधन करत होता आणि पुढच्या वर्षीची एकुलती एक शिष्यवृत्ती दोघांपैकी एकालाच मिळणार होती. तीन महिने पुण्यात राहून आल्यापासून तो फार जपून बोलायचा.

"माझा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही," तो म्हणाला. "उलट माझंच नुकसान झालेलं आहे. पन्हाळ्याच्या सहलीच्या निगेटिव्ह कपाटात होत्या. त्याही गेल्या. त्यात माझा घोड्यावरचा फोटो होता."

"पावणं, तुम्ही शिरोळकडचं न्हवं?"

"मी पुण्याचा."

"आसाल. पन 'ळ' अजून नदीकाठीच हाय. शनवार-रविवार कुठं हुता?"

राजवर्धनचं पुणं गळून पडलं. "चुलतभावाचं लगीन हुतं की शिरोळात. पाचशे मान्सं हुती, इचारा कुनालाबी."

दुसरे राजशेखर सर. त्यांचं पुस्तक खोटं ठरवू शकणारी वस्तू जगात एकच होती, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असायची. प्रियदर्शनीला त्यांच्याकडं बघवेना.

"मी टेप का नाहीशी करीन?" सर म्हणाले. "करायची असती तर वीस वर्षांपूर्वीच केली असती. तेव्हा गुडघाही चांगला होता."

"किल्ली कुनाला दिली हुती?"

"कुणाला देणार? शनिवारी आकारामला दिली असेल, झाडलोटीला. रोजचीच गोष्ट आहे."

तेवढ्यात शिपाई आकाराम चहा घेऊन आला. बारा वर्षं मंडळात हंगामी नोकरी, गडमुडशिंगीहून रोज सायकलनं येणं. प्रियदर्शनी हुपरीला माणसांचे आवाज टिपायला जायची, तेव्हा जड यंत्र डोक्यावर घेऊन हाच बरोबर असायचा.

"काय आकाराम, घरचं ठीक?" हंबीररावांनी विचारलं.

"झ्याक हाय की. अर्धा एकर शाळू हाय, हुरड्यात आलाय."

आवाज खणखणीत, गिरणीच्या वरून ऐकू येणारा. प्रियदर्शनीला वाटलं, या माणसात काहीतरी बरं झालंय. काय ते मात्र आठवेना.

"कपाटातलं काय म्हाईत हाय?"

"मला काय म्हाईत असनार, सायेब? आमी च्या देतो." त्यानं कप ठेवले.

४

हंबीरराव जिन्यात बसले. प्रियदर्शनी खालच्या पायरीवर.

"सरांनीच केलं असेल का हो, मामा?"

"सरांना टेप नको आसती, तर अख्खी नेली आसती न्हायतर जाळली आसती. राजवर्धनला तुझा घात करायचा आसता, तर त्यानंबी तेच. आन कुनाला ऐकायची आसती, तर रिळासकट नेली आसती. रिळाबिगर यंत्रावर चढती व्हय ती?"

"नाही."

"मग चोराला ऐकायचं न्हवतं, आन तुझं वाटोळंबी करायचं न्हवतं. त्याला नुसता माल पायजे हुता. प्लास्टिक सोडून." ते थांबले. "आनि काय काय गेलंय?"

"सरांचा एक्सरे. राजवर्धनच्या निगेटिव्ह."

"टेप, एक्सरे, निगेटिव्ह. तिन्ही पातळ, काळपट, गुळगुळीत." हंबीररावांनी डोळे मिटले. ते एस.टी. स्टँडवर परत गेले होते. "हुपरीच्या गाडीला मान्सं एक्सरेचे गठ्ठे घिऊन चढायची. मला वाटायचं, तिथं हाडांचं लई मोठं इस्पितळ आसनार. दोन वर्सं मी लोकांना तसंच सांगत हुतो. मग एका कंडक्टरनं सांगितलं, एक्सरेत चांदी आसती."

प्रियदर्शनी उभी राहिली. तिनं पाहिलं होतं ते. याच हुपरीच्या गल्लीत, मुलाखती घेत असताना, एका घराच्या सोप्यात एक्सरेची चळत होती. कुणाचे पाय, कुणाच्या बरगड्या. वजन करून घेत होते. प्लास्टिकच्या चौकटी काढून, निव्वळ फिल्मचं वजन.

"मामा, चोराला ती फिल्म वाटली. चांदीची."

"तसंच."

"पण तिथं आल्या आल्या फिल्म औषधाच्या पाण्यात टाकतात. आणि राहिलेलं जाळतात."

हंबीररावांनी घड्याळ बघितलं. ती त्यांची जुनी सवय होती. "हुपरीची शेवटची गाडी गेली. सकाळी पयली."

५

ते घर मल्लव्वाचं होतं. चन्नवीरांची बायको.

अख्खी गल्ली तिला 'वल्लव्वा' म्हणायची. १९५४ साली निपाणीकडच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन आली, तेव्हा पहिली दोन वर्षं तिनं लोकांची दुरुस्ती करून पाहिली. मग सोडून दिलं. नवराही वल्लव्वाच म्हणायचा.

"वसा की," तिचा मुलगा वीरेश दारात म्हणाला. तो एक्केचाळीस वर्षांचा होता आणि त्यानं आयुष्यात फुंकणी तोंडाला लावली नव्हती. "अव्वा आत हाय."

मल्लव्वा चाळणीत चांदीचे मणी निवडत होती. खाली धरलेली परात, परातीखाली फडकं. त्या घरात जमिनीवरची धूळसुद्धा झाडून डब्यात ठेवत.

"परत आलीस काय गं? अजून बोलायचं उरलंय?" ती म्हणाली. "तुजा त्यो मास्तर काय म्हनतोय? आमच्या कन्नडनं ह्या गल्लीची तोंडं बिघडली?"

"तसंच म्हणतात अजून."

"त्याला म्हनावं, कन्नडात 'बा' म्हंजे ये. व्हट मिटल्याबिगर पावना घरात यायचा कसा?"

"अव्वा," प्रियदर्शनीला धीर धरवेना. "गेल्या चार दिवसांत कुणी तपकिरी रिबनीचा गुंता घेऊन आलं होतं?"

चाळणी थांबली. "आलता. एक्सरे, निगेटिव्हची पुडी आन त्यो गुंता. एक्सरे घेतलं. निगेटिव्ह घेतल्या."

"आणि गुंता?"

"वीतभर कापून औषधात बुडवला."

प्रियदर्शनीची नजर औषधाची बादली शोधू लागली.

"काय निघालं न्हाय. चांदी न्हाय ह्यात, म्हटलं. घिऊन जा."

"म्हणजे जाळला नाही?"

"कशाला जाळू? चांदी नसंल तर नुसता धूर हुतोय."

हंबीरराव पुढं झाले. "कोन हुता त्यो?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत न्हाय. ह्या गल्लीत तोंड मिटतं ते माजं एकटीचं. म्हनून तर लोक माज्याकडं येत्यात."

"त्या टेपमध्ये काय आहे माहितीय का..." प्रियदर्शनी बोलू लागली. हंबीररावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आधी सापडू दे, असा त्याचा अर्थ होता. हरवलेला नवरा दुसऱ्यांदा हरवला, हे बाईला सांगून उपयोग नव्हता.

"जाताना काय म्हनाला का त्यो?"

मल्लव्वानं जरा विचार केला. "फुकट न्हाय जायचं, म्हनाला. पाखरांना हुतंय."

६

परतीच्या गाडीत हंबीरराव खिडकीतून पाखरं बघत होते. पाखरांना टेप कशाला लागते, यावर ते अडकले होते.

प्रियदर्शनी वही चाळत होती. तिला भेटेल त्याचा आवाज टिपून ठेवायची खोड होती. भाजीवाली, कंडक्टर, गिरणीवाला. एका पानावर तिचं बोट थांबलं.

"मामा, ऐका. 'दहा जानेवारी. आकाराम. घसा पूर्ण बसलेला, शब्द फुटत नाही. कारण?' पंधरा तारखेला पुन्हा तेच. वीस तारखेला तेच."

"पन काल तर घंटेसारखा बोलला."

"तेच मला कळत नव्हतं. मामा, शाळू हुरड्यात आला की राखणारा माणूस काय करतो?"

"वरडतो की. उजाडल्यापासनं. पोपटांची धाड पडती, माळ्यावर उभा ऱ्हाऊन हा हा हा करायचं."

"आणि हुरडा अजून शेतात असताना त्याचा घसा एकाएकी सुटला तर?"

हंबीररावांनी तिच्याकडं पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो आवाज ऐकले होते. पण नसलेला आवाज त्यांनी कधी मोजला नव्हता.

"तर त्याच्या बदली दुसरंच कोनतरी वरडतंय," ते म्हणाले आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली. गडमुडशिंगी वाटेतच होती.

७

शेत लांबूनच ऐकू आलं. बांबूला बांबू जोडत, पीळ देऊन ताणलेली तपकिरी टेप अर्ध्या एकरावर उन्हात चमकत होती आणि वाऱ्यावर घूं घूं करत होती. पोपट पलीकडच्या बाभळीवर बसून विचार करत होते. चन्नवीर कारागीर तेवीस वर्षांनी पुन्हा कामाला लागले होते.

आकाराम राखणीच्या माळ्यावर पेपर वाचत होता. प्रियदर्शनीला बघून तो खाली उतरला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

"सर म्हनालं, परीक्षक यायचेत, कपाटातलं जुनं भंगार काढून टाक. मी काढलं. हुपरीला तुमच्यासंगं गेलतो, तवा एक्सरे घेताना बघितलं हुतं, ताई. म्हटलं ही बी फिल्लमच. अव्वा प्लास्टिकचं वजन धरत न्हाय, म्हनून रीळ परत ठेवलं. मजबूत हाय ते. काल तुमी रडाय लागला तवा कळलं. आन मग सांगायचं धाडस हुईना. हंगामी हाय मी. सर म्हनलं आसतं, उद्यापासनं येऊ नको."

"सरांनी सांगितलं होतं?"

"त्यांच्या ध्यानात नसंल."

आणि ते खरंच होतं. ज्या पुराव्याची सरांना वीस वर्षं भीती होती, तो त्यांनी स्वतःच्या गुडघ्यासकट भंगारात काढला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"टेप सोडवून घिऊया," हंबीरराव म्हणाले.

आकाराम तसाच उभा राहिला. "न्या की. तुमचीच हाय. पन ती काढली की दोन दिसांत पोपट शाळू साफ करत्यात. वरसाची भाकर हाय, सायेब. आन माजा घसा परत बसला, तर ह्या खेपंला उठंल आसं वाटत न्हाय."

प्रियदर्शनीनं टेपकडं पाहिलं, मग पिकाकडं. दोन्ही बाजूंना वर्षं होती. तिची चार, त्याचं एक.

हंबीररावांनी टोपी सारखी केली, माळ्यावर चढले आणि बाभळीकडं तोंड केलं.

"निपाणी, निपाणी, निपाणी! फलाट क्रमांक तीन! कागल मार्गे निपाणी गाडी सुटत आहे!"

बाभळीवरचे सगळे पोपट एकदम उडाले आणि कागलच्या दिशेनं गेले.

"काढनी हुईस्तवर मी हाय हितं," हंबीरराव वरून म्हणाले. "घरी कोन बोलू देतंय? तुमी गुंडाळा."

८

बाराशे फूट आवाज गुंडाळायला गुरुवारचा अख्खा दिवस लागला. रीळ पेन्सिलीवर फिरवत प्रियदर्शनी बांधावरून चालायची, पुढं आकाराम पीळ सोडवायचा. दुपारी राजवर्धन आला आणि न सांगता मऊ फडक्यानं टेप पुसत बसला. संध्याकाळी सरही आले. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सेलोटेपचे तुकडे कापून दिले. आकारामला त्यांनी एवढंच विचारलं, "एक्सरेचे किती आले?" आणि मग म्हणाले, "राहू दे. गुडघा आहे अजून."

शुक्रवारी मंडळात परीक्षक बसले, वीरेश बसला, आणि मल्लव्वा खुर्ची नको म्हणून जमिनीवर बसली. तिला का बोलावलंय, ते तिला अजून सांगितलं नव्हतं. आकाराम दाराशी उभा होता. गिरणीवाल्यानं तासभर गिरणी बंद ठेवली. एवढ्या शांततेची सवय नसल्यानं सगळे अस्वस्थ होते.

प्रियदर्शनीनं यंत्र चालू केलं. आधी वारा. मग पोपटानं चोच मारलेल्या जागा, टक टक. मग दिव्यावरची फुंकर, आणि फुंकणीच्या कडेनं येणारा पुरुषाचा आवाज.

"...सांधा लाल झाला कीच वणी वसवायचा..."

मल्लव्वानं हातातली पिशवी खाली ठेवली.

बराच वेळ तो आवाज सांधे, मणी आणि ज्योत यांच्याबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, "तेल सरलं. वल्लव्वा."

उत्तर नाही.

"वल्लव्वा."

उत्तर नाही. पितळ दगडावर ठेवल्याचा बारीक आवाज आला. फुंकणी खाली ठेवली होती. आणि मग, ओठ नीट मिटून, सावकाश, जगात कुणी कधी म्हटलं नव्हतं तसं, तो आवाज म्हणाला, "मल्लव्वा."

"बंदे, बंदे," आतून एका तरण्या बाईचा आवाज आला. आले, आले.

आणि लगेच चारेक वर्षांच्या पोराचा, बापाची नक्कल करत, खिदळत, तोंडात काही नसताना, "वल्लव्वा! वल्लव्वा!"

टेप संपली. रीळ फट फट फिरत राहिलं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. राजशेखर सरांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढावी लागणार," ते म्हणाले. "प्रियदर्शनी, दुरुस्त्या तू लिही. नावासकट."

मल्लव्वा आकारामकडं वळली. "अण्णा, चांदी न्हाय म्हटलं हुतं मी."

"व्हय, अव्वा."

"चुकलं माजं."

वीरेशनं दोन बोटांनी आपले ओठ एकमेकांवर दाबून धरले, मग सोडले, मग पुन्हा दाबले. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो ते नाव घ्यायच्या खटपटीत होता. "म्... म्व... वल्लव्वा," तो म्हणाला आणि ओशाळला.

मल्लव्वानं त्याची बोटं तोंडावरून बाजूला केली.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "तुज्या बाची फुंकनी हाय ती. काढू नको."